क्षयतिथी आणि गाळलेली फ्रेम

वारांसारख्या शिस्तीत तिथ्या चालत नाहीत, हे पंचांग चाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. सोमवारनंतर मंगळवार येतोच. पण पंचमीनंतर कधी एकदम सप्तमी उजाडते, तर कधी लागोपाठ दोन दिवस अष्टमीच असते. पहिलीला आपण क्षयतिथी म्हणतो, दुसरीला वृद्धितिथी. खरे पाहता यात काही झिजलेले नसते की वाढलेले नसते. चंद्र सूर्यापासून आणखी १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, आणि त्यांची गती सदासर्वदा सारखी नसल्यामुळे तिला कधी २० तास पुरतात, कधी जवळजवळ २७ लागतात. आपला दिवस मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचे नाव दिवसाला द्यायचे, असा नियम केला की दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपणारी तिथी दिवसांच्या यादीतून गळते आणि दोन सूर्योदय पाहणारी दोनदा दिसते. एका मापाने चालणारा काळ दुसऱ्या मापाच्या कप्प्यांत बसवला की असे व्हायचेच. जुन्या डीव्हीडीवरचे चित्रपट आणि मालिका संगणकाच्या फाइलमध्ये उतरवणाऱ्यांपुढे आज हाच पेच उभा राहतो. त्यांच्या भाषेत त्याला मिश्र फ्रेम रेट म्हणतात. यंत्रातली कटकट म्हणून तो सोडून दिला जातो, पण त्याच्या तळाशी आपल्या दर्शनांनी शतकानुशतके घोळवलेला प्रश्न आहे: क्षण म्हणजे काळाचे आधीच कापून ठेवलेले सारखे तुकडे, की ज्या-त्या घटनेने स्वतःपुरते पाडलेले माप? या पेचातून हाती येणारा पुरावा दुसऱ्या उत्तराच्या बाजूने पडतो, असे मला वाटते. आणि ते उत्तर मानले तर इमानी नक्कल कशाला म्हणायचे, याचाही विचार नव्याने करावा लागतो.

आधी पेच नीट पाहू. बोलपट रुळला तेव्हापासून फिल्मवर सेकंदाला २४ चित्रे घेण्याचा रिवाज आहे. अमेरिकेतल्या टीव्हीची चाल वेगळी होती. तिथे पडदा सेकंदाला ६० वेळा रंगे, पण दर खेपेला अर्धाच: एकदा विषम क्रमांकाच्या ओळी, पुढच्या खेपेला सम. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्डची एक फ्रेम, म्हणून फ्रेम सेकंदाला ३०. १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले, तेव्हा रंगाची आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर जाळी उमटू नये यासाठी हा वेग हजारात सुमारे एकाने उतरवला गेला. ६० चे ५९.९४ झाले, ३० चे २९.९७, आणि त्यांच्याशी जुळवून घेण्यासाठी फिल्मही २४ ऐवजी २३.९७६ च्या वेगाने चालवावी लागली. अपूर्णांक बाजूला ठेवले तर २४ आणि ३० यांचे नाते जुन्या शाळेतल्या सवायकीचे आहे: चोवीसची सव्वापट तीस. चार चित्रांतून पाच फ्रेम काढायच्या, तर पाचवी आणायची कुठून? त्यावर काढलेली तोड अशी. अ, ब, क, ड ही फिल्मची चार चित्रे घ्यायची. अ ला दोन फील्ड द्यायची, ब ला तीन, क ला दोन, ड ला तीन. दहा फील्ड झाली, म्हणजे पाच फ्रेम. पहिलीत नुसता अ, दुसरीत नुसता ब, तिसरीत अर्धा ब आणि अर्धा क, चौथीत अर्धा क आणि अर्धा ड, पाचवीत पुन्हा नुसता ड. नेमके तिसऱ्या फ्रेमवर चित्र थांबवले आणि त्या वेळी पात्राचा हात हलत असला, तर हाताची कड फणीच्या दातांसारखी दिसते: एक ओळ हात जिथे होता तिथली, तिच्याखालची ओळ हात जिथे पोचला तिथली.

पूर्ण चित्रपट फिल्मवरचा असेल, तर ही घडी उलट उलगडता येते. काही डीव्हीड्यांवर मुळात चोवीसच्याच हिशेबाने चित्रे साठवलेली असतात आणि अमुक फील्ड पुन्हा दाखव, एवढी खूण सोबत असते. ती खूण दुर्लक्षिली की काम झाले. इतरांवर दहाही फील्ड पक्की कोरलेली असतात. तिथे कोणते फील्ड कोणाचे जोडीदार हे ओळखून, त्यांच्या जोड्या लावून, पाचातली जास्तीची फ्रेम गाळावी लागते. खरी अडचण येते ती एकाच तबकडीवर दोन वेगांचा माल असला तर. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ ही १९८७ ते १९९४ या काळातली अमेरिकन मालिका याचे नामांकित उदाहरण आहे. तिचे चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले, पण संकलन आणि दृश्यकरामती व्हिडिओ टेपवर. त्यामुळे नटांचा प्रसंग चोवीसच्या चालीचा, आणि टेपवर घडवलेली करामत व्हिडिओच्या चालीची, असे घडते. शिवाय टेपवर कात्री कुठेही चालते. दोन-तीन, दोन-तीन हा क्रम मध्येच तुटून नव्या प्रसंगात भलत्याच ठिकाणापासून सुरू होतो. अशी तबकडी फाइलमध्ये उतरवणारा बहुधा सगळ्याला एकच वेग लावून मोकळा होतो. सगळे २४ केले, तर फिल्मच्या भागातली फुकटची फ्रेम जाते हे ठीक. पण व्हिडिओच्या भागात पाचवी फ्रेम फुकटची नव्हती, ती स्वतंत्र टिपलेली होती. ती गेली की पडद्यावरून सरकणारे यान सेकंदाला सहा वेळा अडखळते. सगळे ३० केले, तर फिल्मच्या भागात दर चौथे चित्र दोनदा येते आणि संथ वळणारा कॅमेरा लंगडू लागतो. तिसरा मार्ग म्हणजे शेजारच्या दोन चित्रांची भेसळ करून मधली फ्रेम बनवणे. मग हलत्या माणसाभोवती त्याचीच फिकट सावली तरंगते. एका उपायात क्षय, दुसऱ्यात वृद्धी, तिसऱ्यात भेसळ.

या तिन्ही उपायांमागे एक न बोललेले गृहीत आहे: काळाचे कप्पे समान असलेच पाहिजेत, आणि जे त्यांत बसत नाही त्याने आपला आकार बदलावा. हे गृहीत संगणकाने आणलेले नाही. वसुबंधू या बौद्ध आचार्याच्या अभिधर्मकोशात क्षणाचा हिशेब दिलेला आहे: १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त, ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र. गुणाकार केला तर अहोरात्राचे ६४,८०,००० क्षण होतात, म्हणजे सेकंदाला बरोबर ७५. अमेरिकन टीव्हीच्या ६० फील्डशेजारी हा आकडा ठेवला की गंमत वाटते, पण त्यावरून प्राचीनांना सिनेमा ठाऊक होता असला निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे हे आहे की त्याच परंपरेत क्षणाची दुसरी व्याख्याही आहे आणि ती आकड्याची नाही. एका परमाणूवरून दुसऱ्यावर सरकायला जेवढा अवधी लागतो तो क्षण, अशी ती व्याख्या. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातही तिच्या जवळची व्याख्या येते, आणि दोन क्षण कधीच एकत्र नांदत नसल्यामुळे त्यांची रास म्हणून जो काळ आपण कल्पितो तो बुद्धीने रचलेला आहे, असेही ते भाष्य सांगते. बौद्धांचे कट्टर विरोधक असलेले वैशेषिक काळ एकच आणि अखंड मानतात. तरी त्यात क्षण, मुहूर्त, दिवस हे भेद कुठून येतात असे विचारले, तर क्रियेच्या उपाधीमुळे, हेच त्यांचे उत्तर. काळ मुळात तुकड्यांचा की अखंड यावर ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या जमले नाही, त्यांचे निदान इथे जमते: क्षणाची हद्द कोणत्या तरी घटनेने ठरते. पंच्याहत्तरचा आकडा हा व्यवहारासाठी केलेला हिशेब. क्षण काय आहे हे सांगते ती दुसरी व्याख्या.

सिनेमाच्या इतिहासात याचा पुरावा हाताने चाचपता येईल इतका ठळक आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला त्या मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. वेग माणसाच्या मनगटात होता. तो प्रसंगागणिक, दिवसागणिक बदले, आणि बहुधा सेकंदाला २४ चित्रांहून कमीच असे. अशी फिल्म पुढे चोवीसच्या यंत्रावर चढवली की राजे-रजवाडे तुरुतुरु पळू लागतात. चित्र एकही बदललेले नसते, क्रमही तोच असतो. बदलतो तो फक्त दोन चित्रांमधला अवधी, आणि तेवढ्याने गंभीर माणूस विदूषक होतो. दुसरा पुरावा आवाजाचा. भारतातल्या आणि युरोपातल्या बऱ्याच देशांतल्या टीव्हीने पाल पद्धत घेतली, तिचा वेग सेकंदाला २५ फ्रेम. तिथे चोवीसची फिल्म सरळ पंचवीसने पळवण्याची रीत पडली. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि वेगळी दुरुस्ती केली नाही तर प्रत्येक गाणे षड्जापासून कोमल रिषभाच्या वाटेवर सुमारे सात दशांश अंतर चढते. गायिकेची जागा, मींड, श्वास सगळे आहे तिथे असते. पट्टी मात्र तिची राहत नाही. या दोन्ही उदाहरणांत फ्रेम शाबूत आहे आणि सत्य बिघडले आहे. म्हणजे फ्रेम ही चित्राएवढीच अवधीचीही नोंद असते. ज्या अंतराने पाहिले गेले ते अंतर काढून घेतले की उरते ती चित्रांची चळत.

म्हणून मिश्र वेगाच्या डीव्हीडीसाठी सर्वांत प्रामाणिक वाटणारी तोड पंचांगाच्या जातीची आहे. पंचांगकर्ता तिथी कापून दिवसाएवढी करत नाही. तो दिवस लिहितो आणि त्याच्या शेजारी तिथी किती वाजेपर्यंत आहे तेही लिहितो. एमकेव्हीसारख्या फाइलमध्ये हीच सोय असते: प्रत्येक चित्राबरोबर ते केव्हा दाखवायचे याची वेळ नोंदवता येते. मग फिल्मचा भाग आला की चित्रे सुमारे ४१.७ मिलिसेकंदांच्या अंतराने ठेवायची, तीसच्या चालीचा व्हिडिओ आला की ३३.४ च्या. याला बदलता फ्रेम रेट म्हणतात. यात काही गाळावे लागत नाही, काही दोनदा लिहावे लागत नाही, आणि आवाज जिथल्या तिथे राहतो. सर्वांना लागू पडेल असा बारीक क्षण का शोधू नये, असे कोणी विचारील. शोधला गेला आहे. २४ आणि ३० या दोघांचा लघुतम साधारण विभाज्य १२०. एकेकाळी हौशी मंडळी फाइलचा वेग नावापुरता १२० ठेवून फिल्मच्या चित्राला पाच घरे आणि व्हिडिओच्या चित्राला चार घरे देत. पण त्या पाच घरांपैकी चार रिकामीच असतात; तिथे नवे काही पाहिलेले नसते. त्या मोजपट्टीवरच्या रेघा आहेत. पालचे २५ मध्ये आणले की पट्टी ६०० ची करावी लागते, आणि हाताने दांडा फिरवणाऱ्याचे मनगट कोणत्याच पट्टीवर नेमके बसत नाही. समान क्षण हवाच असेल तर तो पट्टीत मिळतो, पाहण्यात मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येतो. सेकंदाला सहा बारीक अडखळी कोणाच्या लक्षात येतात? बहुतेकांच्या येत नाहीत, हे खरे. पण हा युक्तिवाद पुढे नेला तर पट्टी चढलेल्या गाण्याबद्दलही तेच म्हणता येते, आणि तिथे गाणारा माणूस लगेच मान हलवून नाही म्हणेल. लक्षात न येणे ही पाहणाऱ्याबद्दलची माहिती आहे, नकलेबद्दलची नव्हे. शिवाय गाळलेली फ्रेम परत आणता येत नाही, तर चुकीच्या अंतराने ठेवलेली फ्रेम उद्या नीट ठेवता येते. नक्कल करणारा आपल्या डोळ्यांपुरता निर्णय घेत असेल तर प्रश्न नाही. पण फाइल त्याच्यापेक्षा जास्त जगते आणि पुढे कोणाच्या हाती जाईल हे त्याला ठाऊक नसते. बदलत्या वेगाची फाइल काही जुनी संकलन-सॉफ्टवेअर नीट चालवत नाहीत, आवाज हळूहळू मागेपुढे होतो, ही तक्रार मात्र खरी आहे. तिचे उत्तर एवढेच की त्या यंत्रासाठी दुसरी, सरळ वेगाची प्रत काढावी. मूळ साठवणीची प्रत त्या यंत्राच्या मर्यादेने ठरवू नये.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. फाइलमध्ये कितीही नाजूक वेळा लिहिल्या तरी पडदा शेवटी ठरलेल्याच तालात रंगतो. साध्या मॉनिटरवर सेकंदाला ६० वेळा. चोवीसची चित्रे तिथे पुन्हा दोन-तीन, दोन-तीन अशीच वाटली जाणार. मग ज्या समान कप्प्यांना मागच्या दाराने बाहेर काढले ते पुढच्या दाराने आत आलेच की! याचेही उत्तर पंचांगात आहे. तिथीचा शेवट दुपारी असो की मध्यरात्री, व्रत करणाऱ्याला दिवस एकच निवडावा लागतो. त्यासाठी सूर्योदयाची, काही व्रतांना प्रदोषाची किंवा मध्यरात्रीची तिथी पाहावी, असे नियम आहेत. तो निर्णय त्या दिवसापुरता, त्या व्रतापुरता, त्या गावाच्या सूर्योदयापुरता असतो. त्यामुळे पंचांगातली तिथी बदलत नाही. दाखवताना तडजोड करणे आणि साठवताना तडजोड करणे यांत हाच फरक आहे. उद्या १२० वेळा रंगणारा पडदा आला, तर त्यावर २४ आणि ३० दोन्ही बरोबर बसतील. पण फाइलमध्ये त्यांच्या खऱ्या वेळा शिल्लक असतील तरच.

तिसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. इतका इमानाचा आग्रह आहे तर तबकडीला हातच का लावता? जशी आहे तशी, फणीच्या दातांसकट, बिटागणिक उतरवून ठेवा, मूळ तेच. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि साठवणुकीसाठी तशी जशीच्या तशी प्रत ठेवणे हे शहाणपणाचेच आहे. पण डीव्हीडीला मूळ म्हणणे कठीण आहे. ती स्वतःच एक रूपांतर आहे, ज्यात अ-ब-क-ड ची दहा फील्ड झाली तेव्हाच कोणीतरी चोवीसला तिसाच्या कप्प्यांत बसवले. फणीचे दात कॅमेऱ्याने कधी पाहिले नाहीत. ते उलगडून चित्रे त्यांच्या अंतरावर परत ठेवणारा मुळात ढवळाढवळ करतो असे म्हणण्यापेक्षा आधीची ढवळाढवळ मागे घेतो, असे म्हणणे न्यायाचे होईल. त्याला मर्यादा आहे, हे ‘स्टार ट्रेक’चेच पुढचे प्रकरण दाखवते. २०१२ पासून ती मालिका ब्लू-रेवर आणताना टेप बाजूला ठेवून फिल्मच्या निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केल्या गेल्या, भाग नव्याने जुळवले गेले आणि करामतीही पुन्हा रचल्या गेल्या. तेव्हा कुठे सगळे एका चालीत आले. ती एकसमानता कष्टाने आणि खर्चाने, पुन्हा घडवून मिळवलेली होती. तबकडीतून दर पाचवी फ्रेम फेकून मिळणारी एकसमानता तिच्याशी बरोबरी सांगू शकत नाही.

शेवटचा आक्षेप तत्त्वज्ञाचा, आणि तो सगळ्यांच्या मुळावर येतो. फ्रान्सच्या आंरी बर्गसाँने १९०७ सालच्या ‘सर्जनशील उत्क्रांती’ या ग्रंथात सिनेमाचेच उदाहरण घेऊन म्हटले की आपली बुद्धी गतीचे स्थिर तुकडे पाडते आणि मग ते पळवून गती मिळाल्याचा भास करून घेते. खरी गती, खरा अवधी अखंड असतो. आपल्याकडे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्धांच्या क्षणिकवादावर घेतलेला आक्षेप याच्या शेजारचा आहे: पाहणारा क्षणोक्षणी वेगळा असेल, तर पूर्वी पाहिलेले हेच ते, अशी ओळख पटते कोणाला? हे दोघे बरोबर असतील तर फ्रेममध्ये गती नाहीच, मग चोवीस काय नि तीस काय, सगळ्याच सारख्या खोट्या. पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. अ मध्ये हात उचललेला नाही, ब मध्येही नाही. उचलणे कोणत्याच एका चित्रात सापडत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. गती चित्रांत नसेल तर नकलेपाशी तिची एकच खूण उरते, ती म्हणजे या चित्रापासून त्या चित्रापर्यंत किती वेळ गेला. ती खूण जपली तर अखंड राहणारा द्रष्टा, मग त्याला आत्मा म्हणा, संस्कारांची परंपरा म्हणा, तिच्यावरून पुन्हा हाताचे उचलणे पाहू शकतो. ती पुसली तर त्याला दुसरेच काही दिसते. क्षणिकवादी असो की आत्मवादी, दोघांनाही अंतर लागतेच. निव्वळ समान कप्प्यांची गरज त्यांच्यापैकी कोणालाच नाही. ती कारकुनाची गरज आहे.

तरीही या उपायाने सगळे सुटते असे मी म्हणणार नाही. चोवीसच्या चालीने चालणाऱ्या प्रसंगावरून व्हिडिओच्या चालीची श्रेयनामावली सरकत असेल, तर एकाच फ्रेममध्ये दोन काळ असतात: खालचे चित्र दहा फील्डमध्ये चारदा बदलते, वरची अक्षरे दहाही वेळा. तिथे फिल्मची घडी उलगडली तर अक्षरे फाटतात. अक्षरे वाचवण्यासाठी प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करून वेग ५९.९४ ठेवला तर चित्र पुनरुक्तीने भरते. अशा ठिकाणी काय राखायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवणाऱ्याने निदान काय ठरवले ते लिहून ठेवावे. ही चाल आपल्याला अपरिचित नाही. दशमीने वेधलेली एकादशी धरायची की नाही यावर मतभेद झाला, तेव्हा पंचांगाने एका पक्षाची बाजू घेऊन दुसऱ्याची एकादशी खोडली नाही. एका दिवसापुढे स्मार्त एकादशी छापली, दुसऱ्या दिवसापुढे भागवत एकादशी, आणि तिथीची समाप्ती दोघांसाठी तीच, तास-मिनिटांसह, शेजारच्या रकान्यात राहू दिली.